मूळबरहुकूम

मधल्याला खरं तर गाडी दुरुस्त करायचीच नव्हती. त्याला फक्त तिच्यावरची फाटकी ताडपत्री बदलायची होती. पुढे जे काही झालं त्याचा दोष द्यायचाच झाला तर तो ताडपत्रीला द्यावा, असं तो आजही म्हणतो. त्याची बायको हे ऐकलं की उठून आत जाते.

मधला म्हणजे तीन भावांतला मधला. थोरला लांब गेला, धाकटा त्याहून लांब गेला, तरी घरात आणि इमारतीत याला सगळे मधलाच म्हणत राहिले. दोन्ही बाजूंना कुणी नसताना मधलं राहणं सोपं नाही, पण त्याने ते निभावलं. एका मोठ्या कचेरीत तो हिशेब तपासायचा. कागदावर असेल ते आहे, नसेल ते नाही, एवढ्या भांडवलावर त्याची बरीचशी नोकरी झाली होती आणि उरलेलीही त्यावरच होणार होती. असा नेमस्त माणूस छंदाच्या नादी लागला की फार वाईट लागतो. उनाड माणूस कंटाळून सोडून तरी देतो.

गाडी अप्पांची होती. अप्पा म्हणजे मधल्याचे वडील, पाणीपुरवठ्याच्या पंपघरातले निवृत्त फोरमन. त्यांनी ती कधीतरी जुनीच विकत घेतली होती, आणि पंपघराच्या कठड्यांना देऊन उरलेला हिरवा रंग तिला स्वतःच्या हाताने, ब्रशने, फासला होता. उरलाच आहे तर वाया कशाला घालवायचा, हा त्यामागचा विचार. त्यामुळे तिचं नाव हिरवी पडलं. हिरवीचा मूळ हॉर्न बिघडला तेव्हा अप्पांनी चालकाच्या खिडकीबाहेर रबरी फुगा दाबायचा पितळी भोंगा बसवला. गिअरच्या दांड्याची मूठ तुटली तेव्हा आईने आपल्या कपाटाच्या खणाची मूठ काढून दिली, आणि तो खण जन्मभर सुरीच्या टोकाने उघडला. सीटचं कापड विरलं तेव्हा घरातल्या पडद्यांचं उरलेलं निळं चौकडीचं कापड घेऊन तिने कव्हरं शिवली. थोडक्यात, हिरवीत कारखान्याचं जेवढं होतं तेवढंच घरातलं होतं.

संध्याकाळी अप्पा कामावरून आले की जिन्यापाशी गाडी थांबवून एकदा भोंगा दाबायचे. आई दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या आत, दाराआड उभी असायची, पण बाहेर यायची नाही. अप्पा दुसऱ्यांदा दाबायचे, मग ती बाहेर यायची. "पहिला हॉर्न काय, कुणाचाही असतो," ती म्हणायची, "दुसरा माझा." या प्रकारात इमारतीतल्या सगळ्यांचे कान किटायचे, पण कधी कुणी तक्रार केली नाही. आई गेली त्या वर्षी अप्पांनी हिरवी अंगणाच्या कोपऱ्यात लावली, वर ताडपत्री टाकली आणि किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

तर, ताडपत्री. एका रविवारी सकाळी मधल्याने ती ओढून काढली आणि पहिला वाद तिथेच झाला. समोरच्या वहिनी गेली काही वर्षं त्या ताडपत्रीवर उशा आणि गाद्या वाळत घालत असत.

"काढणार होतात तर आधी सांगायचं नाही का?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, गाडी आमची आहे."

"गाडी तुमची आहे हो. ऊन तुमचं आहे का?"

हा मुद्दा कागदावर कुठेच नसल्यामुळे मधला ताडपत्रीची घडी घालू लागला. तेवढ्यात वरून, गॅलरीतून, अप्पांचा आवाज आला. अप्पांची नजर अलीकडे फार अधू झाली होती. माणसं आवाजावरून आणि वस्तू हाताने ओळखायची वेळ आली होती. लांबचं त्यांना आकारात दिसत नसे, रंगात दिसे.

"कोण, मधला का रे? हिरवं दिसतंय मला खाली."

"ताडपत्री काढलीय, अप्पा."

अप्पा गॅलरीच्या कठड्यावर पुढे वाकले. मग म्हणाले, "एकदा चक्कर मारू या का?"

"कुठे जायचंय?"

"जायचं कुठे नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं. परत येऊन जिन्यापाशी हॉर्न वाजवायचा आणि वर यायचं."

अप्पांनी मुलाकडे काही मागितल्याचं मधल्याला आठवत नव्हतं. चहासुद्धा ते "होणार असेल तर" म्हणून मागायचे. "मारू की, अप्पा," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी." हे त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं, हे इथे नोंदवून ठेवायला हवं.

मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि "होऊन जाईल" म्हणाला. होऊन जाईल हे तो सगळ्यालाच म्हणतो, हे मधल्याला पुढे कळलं. मेकॅनिक हात घालायच्या आत इमारतीतले सल्लागार गोळा झाले. त्यांत तळमजल्यावरचे काका मुख्य. हात पाठीशी बांधून उभे राहायचे आणि ज्या यंत्राला कधी बोट लावलं नाही त्याच्याविषयी ठामपणे बोलायचं, ही त्यांची निवृत्तीनंतरची नोकरी होती. इंजिनाला आधी घाम यायला हवा, असं काकांचं मत पडलं. म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. किल्ली फिरवल्यावर हिरवीने दोनदा ठसका दिला, सगळं अंग हलवलं आणि आतला साठवलेला धूर एकदम बाहेर सोडला. धूर अंगणात न थांबता सरळ जिन्यात शिरला. वरच्या मजल्यांवरची माणसं तोंडाला टॉवेल लावून खाली आली. एवढ्यात काकांनी प्रसंगावधान राखून अंगणातल्या नळाखालची भरलेली बादली उचलली आणि उघड्या इंजिनात ओतली.

"आग विझली," काका म्हणाले.

"आग लागलीच नव्हती, काका."

"म्हणूनच पटकन विझली."

त्यानंतर मेकॅनिक बरेच दिवस फक्त पाणी काढत होता. पण इंजिन शेवटी खरंच सुरू झालं, आणि गॅलरीत अप्पांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. हे बायकोने पाहिलं आणि मधल्याला सांगितलं. "आता न्या त्यांना," ती म्हणाली, "आजच न्या."

"कागद संपलेत," मधला म्हणाला. "नोंदणीची मुदत कधीच गेलीय. कागदाशिवाय गाडी रस्त्यावर काढू? मी?"

"कोपऱ्यापर्यंत?"

"कोपरा रस्त्यातच येतो."

म्हणून मधला तेवढ्यापुरता परवाना काढून हिरवी वाहन कचेरीत घेऊन गेला. खिडकीपलीकडच्या बाईंनी जुनी नोंद शोधून काढली, मग आवारात उभी असलेली हिरवी खिडकीतून वाकून पाहिली, मग पुन्हा नोंद पाहिली.

"या नोंदीतली गाडी दुधाच्या साईच्या रंगाची आहे."

"होती. वडिलांनी हिरवा दिला."

"तसं इथे नाही. म्हणजे साईच्या रंगाची गाडी तुमच्याकडे आहे, ती तुम्ही आणलेली नाही. आणि ही जी आणलीत, ती कुणाकडेच नाही."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. मधल्याला मात्र त्या बाईंविषयी मनापासून आदर वाटला. नोकरीत त्यानेही माणसांना हेच सांगत आयुष्य काढलं होतं. त्याने अदबीने उपाय विचारला. बाई म्हणाल्या, एक तर नोंद बदलायची. त्यासाठी रंग कधी दिला, कुणी दिला, त्याचं रंगवाल्याचं बिल आणि नोंदीतला मालक समक्ष. नाहीतर रंग बदलायचा. कठड्याच्या उरलेल्या रंगाचं बिल कुठून आणणार? आणि अप्पांना दोन जिने उतरवून या रांगेत उभं करणार? मधल्याने मान डोलावली आणि तो हिरवीत बसून तिच्याकडे जरा परकेपणाने बघत घरी आला. आपली गाडी कागदावर नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली होती.

याच दिवसांत त्याची मंडळाशी गाठ पडली. मंडळ म्हणजे जुन्या गाड्या पाळणाऱ्यांचं मंडळ. रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात ते जमायचं. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. कुठलीही गाडी आली की ते तिच्याभोवती फिरत जागोजागी बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि मालकाला विचारायचे, "इथे दुखतं का?" म्हणजे गंज आहे का. दुसरे एक सभासद होते, हॉर्नवाले. त्यांच्याकडे गाडी नव्हतीच, नुसते हॉर्न होते, एक सबंध भिंत भरून. गाडी घ्यायची ऐपत नाही आणि घरात जागा नाही, म्हणून आवाज जमवतो, असं ते मोकळेपणाने सांगत.

मधल्याला तिथे जे मिळालं त्याची चेष्टा करणं बरं नाही. पन्नाशीला आलेला माणूस, दोन्ही भावांशी ज्याचं बोलणं "बरं आहे ना" याच्यापुढे जात नाही, तो तिथे परक्या माणसांशी कार्ब्युरेटरवर सकाळभर बोलायचा. कुणाची गाडी बंद पडली की सगळे इस्त्रीचे कपडे विसरून ढकलायला लागायचे. एकदा वाहन कचेरीच्या वाटेवर मधल्याची भर चौकात बंद पडली. मागे गाड्यांची रांग, प्रत्येकाचा हॉर्न, आणि नेमके त्याच्या कचेरीचे मोठे साहेब शेजारच्या गाडीत. साहेबांनी काच खाली करून "ही तुमची?" असं विचारलं. मधल्याने "तपासणीसाठी आणलीय" असं उत्तर दिलं, ज्याचा अर्थ त्याला अजून लागलेला नाही. मग कुठूनसे दंतवैद्य आणि हॉर्नवाले धावत आले आणि ती वरात ढकलत कडेला नेली. घामाघूम होऊन तिघं कठड्यावर बसले, थर्मासमधला चहा एकाच झाकणातून प्यायले, आणि मधल्याला वाटलं की इतकं बरं आपल्याला कित्येक वर्षांत वाटलेलं नाही. ते खरं होतं.

मंडळाचा एक शब्द होता: मूळबरहुकूम. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, अगदी तशी. वर्षातून एकदा प्रदर्शन भरायचं, आणि जी गाडी सगळ्यांत मूळबरहुकूम तिला ढाल मिळायची. दंतवैद्यांनी हिरवीवर टकटक केली, नखाने दाराच्या कडेचा हिरवा पोपडा उचलला आणि खालचा साईचा रंग दाखवला. "बघा," ते म्हणाले, "खरी गाडी आत आहे. ही वर जी बसलीय ती कीड आहे."

वाहन कचेरी साईचा रंग म्हणत होती, मंडळ साईचा रंग म्हणत होतं. दोन कचेऱ्यांचं एकमत झालेलं मधल्याने नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. त्याने ठरवून टाकलं.

अंगणात हिरवा रंग खरवडायचं काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी वारा सुटला आणि हिरवा भुगा समोरच्या वहिनींच्या पांढऱ्या चादरींवर जाऊन बसला. वहिनींनी चादरी घडी करून आणून मधल्याच्या हातात दिल्या, एक शब्दही न बोलता. त्या गप्प बसल्याची इमारतीला एवढी सवय नव्हती की चौकशीला लोक येऊन गेले. काकांनी रॉकेलने रंग लवकर निघतो असं सांगितलं, मग रॉकेलचा डाग कशाने निघतो ते सांगितलं, मग तो डाग काढल्यावर जे होतं त्यावर काही उपाय नाही असंही सांगितलं.

मग एकेक वस्तू निघाली. भोंगा मूळबरहुकूम नव्हता. हॉर्नवाल्यांनी त्याच्या बदल्यात त्या सालचा अस्सल विजेचा हॉर्न शोधून दिला, आणि भोंगा त्यांच्या भिंतीवर गेला. खणाची मूठ मूळबरहुकूम नव्हती. ती खिळ्यांच्या डब्यात गेली. दार उचलून, जोराचा हिसका देऊन लावावं लागायचं; ते आता एका बोटाने लागू लागलं. सीटं गादीवाल्याकडे गेली आणि कातडी होऊन आली. जुनं कापड त्याने पिशवीत घालून परत दिलं होतं. ती पिशवी मधल्याने न उघडता चिंध्यांच्या खोक्यात टाकली.

"अहो, ती मूठ आईंची होती ना?" बायकोने विचारलं.

"होती. पण गाडीची नव्हती."

बायको उठली. तिने खिळ्यांच्या डब्यातून मूठ काढून घेतली आणि पदराने पुसून कुठेतरी ठेवली.

रंग लागून कागदांवर शिक्का बसला त्याच्या दुसऱ्या सकाळी अप्पांनी गॅलरीतून विचारलं, "गाडी कुठे नेलीस रे?"

"इथेच आहे अप्पा, खालीच."

"मला दिसत नाही."

"रंग बदललाय. साईचा दिलाय, मूळचा."

"असं होय," अप्पा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "मग चक्कर कधी?"

आता, खरं सांगायचं तर त्या दिवशी चक्कर मारता आली असती. इंजिन चालू होतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी खूश होऊन शिक्का मारला होता. पण प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि टायरच्या खाचांत खडा अडकला तरी दंतवैद्य गुण कापायचे. "प्रदर्शन होऊ दे, अप्पा," मधला म्हणाला, "मग रोज नेतो तुम्हाला." अप्पा बरं म्हणाले. गेला काही काळ ते प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत होते, आणि मधल्याने ते संमती म्हणून नोंदवून घेतलं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी मैदानात ओळीने गाड्या लागल्या. मधल्याने चिंध्यांच्या खोक्यातून एक मऊ फडकं आणलं होतं आणि त्या फडक्याने तो बॉनेट पुसत होता, थुंकी लावून, चकाकी येईपर्यंत. बाजूला एक शिक्षिकाबाई आपली गाडी घेऊन उभ्या होत्या. ती गाडी पाहून मधल्याला कीव आली. एका दाराचा रंग वेगळा, आरशाला दोरी, पुढच्या काचेवर कुणा पोराने फार पूर्वी चिकटवलेलं चित्र, आणि सीटवर घरी शिवलेली गोधडी.

"काही करता आलं नाही का?" त्याने सौजन्याने विचारलं.

"नाही हो," बाई ओशाळून म्हणाल्या, "वेळच झाला नाही. वडील होते तशीच आहे."

दंतवैद्य परीक्षकांना घेऊन आले. मधल्याच्या गाडीभोवती फिरले, टकटक केली, दार एका बोटाने लावून पाहिलं. मग म्हणाले, "उत्तम. पण जरा फार नवी वाटते." आणि ते शिक्षिकाबाईंच्या गाडीपाशी गेले ते तिथून हलेनात. दोरीला हात लावून पाहत होते, चित्राचा फोटो काढत होते. ढाल त्या गाडीला मिळाली. मधल्याला उत्तेजनार्थ मिळालं. पन्नाशीच्या माणसाला उत्तेजन देण्याइतकं अपमानास्पद काही नसतं.

त्याने अध्यक्षांना गाठलं. "डॉक्टर, तुम्हीच म्हणालात मूळबरहुकूम."

"म्हणालो होतो," दंतवैद्य जराही न अडखळता म्हणाले. "यंदापासून नियम बदलला. आता जगभर हेच चाललंय. गाडी कारखान्यातून कशी निघाली ते काय, कुणालाही पुन्हा करता येतं. ती घरात कशी राहिली ते पुन्हा करता येत नाही. आता ही गोधडी पाहा. बाईंच्या आजीच्या हातचे टाके आहेत. हे आणणार कुठून?"

मधला काही तरी तिखट बोलणार होता. हातातलं फडकं तो रागाने पिळत होता, आणि पिळता पिळता त्याचं त्या फडक्याकडे लक्ष गेलं. मेणाने आणि काळ्या डागांनी भरलं होतं, तरी एका कोपऱ्यात रंग शाबूत होता. निळी चौकडी. कडेला टीप होती, थोडी वाकडी. आईला मशीनवर सरळ टीप कधी जमली नाही.

तो तिथेच, आपल्या चकचकीत गाडीच्या चकचकीत पायरीवर बसला. हॉर्नवाले जवळ आले. त्यांना वाटलं ढालीचं दुःख. "पुढल्या वर्षी बघू," ते म्हणाले. मधल्याने मान हलवली. त्याला फार वाईट वाटत होतं, पण ते ढालीचं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा अप्पा तयार होते. बायकोने त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता, केस विंचरले होते. प्रदर्शन झालं की नेणार असं तो म्हणाला होता, आणि प्रदर्शन झालं होतं. अप्पांनी ते तंतोतंत धरलं होतं. दोन जिने उतरायला फार वेळ लागला. तळमजल्याचे काका आधार द्यायला आले आणि प्रथमच त्यांनी कुठलाही सल्ला दिला नाही.

अप्पा शेजारच्या सीटवर बसले. दार लावताना त्यांनी ते सवयीने उचलून जोराने ओढलं, आणि ते इतक्या हलकेच लागलं की त्यांचा तोल गेला. कोपऱ्यापर्यंत गाडी पाण्यासारखी गेली. ना खडखड, ना ठसका. अप्पांचा हात सीटवरून फिरला, कातड्यावरून घसरला. मग गिअरच्या दांड्यावर आला, मूठ चाचपली आणि परत मांडीवर गेला.

"कशी आहे, अप्पा?"

"छान आहे," अप्पा म्हणाले. "फार छान आहे तुझी गाडी."

हिरवीला त्यांनी कधी कुणाची म्हटलं नव्हतं. ती नुसती हिरवी होती. मधल्याने गाडी वळवली.

जिन्यापाशी आल्यावर अप्पा म्हणाले, "मला जरा तिकडे बसव." मधला आणि काका यांनी त्यांना धरून चालकाच्या जागी बसवलं. अप्पांनी काच खाली केली. त्यांचा हात खिडकीबाहेर गेला, काचेखालच्या पत्र्यावरून पुढे सरकला, मागे सरकला, पुन्हा पुढे सरकला. गुळगुळीत पत्रा होता, दुसरं काही नव्हतं. हात तसाच बाहेर राहिला.

"अप्पा, हॉर्न इथे आहे, मध्यात. हे बटण," मधला म्हणाला.

"असू दे, असू दे," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी हात आत घेतला. "मी आपला उगीच."

अप्पांना वर पोचवून मधला त्याच पावली हॉर्नवाल्यांकडे गेला. भिंतीवर भोंगा होता, खाली चिठ्ठी होती: कुठला, माहीत नाही. त्याने कसंबसं सांगितलं. हॉर्नवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्टुलावर चढून भोंगा खाली काढला आणि बदल्यात काही घेतलं नाही. "मला आधी का नाही सांगितलंत?" एवढंच ते म्हणाले. "मी याला नुसता पितळी समजत होतो." मग ते स्वतःच पाना घेऊन बरोबर आले. साईच्या रंगाच्या नव्याकोऱ्या दारात भोंग्यासाठी भोकं पाडताना मधल्याला वाटलं होतं की आपल्याला काही तरी होईल. काहीच झालं नाही. बायकोने खणाची मूठ आणून दिली, तीही बसली. निळी चौकडी मात्र गेली ती गेली. तिने ते फडकं उकळून पाहिलं, सोडा घालून पाहिलं; मेण निघालं आणि त्याबरोबर कापडही विरून गेलं. हिरवा रंगही परत द्यायचा मधल्याने विचार केला होता. पण पंपघराचे कठडे आता राखाडी झाले होते, आणि तो हिरवा नेमका कोणता होता हे अप्पांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्यांना दाखवून विचारायला त्याचा एक पोपडाही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांना पुन्हा खाली आणलं. गाडी कुठेही न्यायची नाही, नुसतं बसायचं, असं ते म्हणाले. दार त्यांनी एका बोटाने लावलं; एकदाच चुकले, आता शिकले होते. काच खाली केली, हात बाहेर घातला, आणि या वेळी फुगा हाताला लागला. ते हसले. हिरवी बंद झाल्यापासून ते असे हसलेले मधल्याने पाहिले नव्हते.

त्यांनी भोंगा दाबला. जुनाट, बसक्या आवाजात तो एकदा ओरडला. समोरच्या वहिनी खिडकीत आल्या. काका दारात आले. वर गॅलरीत कुणी नव्हतं; सून इथे खाली, गाडीपाशीच उभी होती. अप्पा मान वर करून बसले होते. जे दिसत नव्हतं तिकडे बघत होते. फुग्यावरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"दाबा ना अप्पा, आणखी एकदा," मधला म्हणाला.

"नको," अप्पा म्हणाले. त्यांनी हात हळूच आत घेतला आणि काच वर केली. "पहिल्याला ती कधीच यायची नाही. दुसरा वाजवला आणि आली नाही, तर मग काय करू?"

मधल्याने दार उघडलं, त्यांना हात दिला, आणि ते दोघं जिना चढू लागले.